पंप आम्ही बसवू, हवा काढायची कळ तेवढी खुली करा

प्रति,
भारतात इलेक्ट्रिक मोटारी बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे सेवा-विभाग प्रमुख

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली

विषय : कूलंट पंप सुटा मिळणे, त्याच्या दुरुस्तीची माहिती छापली जाणे आणि हवा काढण्याची सोय गाडीतच असणे याबाबत

महोदय,

सेलूत माझं शेतीपंप दुरुस्तीचं दुकान आहे. विहिरीवरचे मोनोब्लॉक, बोअरमधल्या पाणबुड्या, जळालेलं वायंडिंग, घासलेले बुश हा आमचा रोजचा धंदा. गेल्या उन्हाळ्यात माझ्या इलेक्ट्रिक मोटारीचा कूलंट पंप, म्हणजे तापणारे भाग गार ठेवणारं द्रव फिरवणारा पंप, गेला. गाडी दुसऱ्या हातची आहे, गाडीची मूळ वॉरंटी संपलेली. पंप मी घराच्या अंगणात बदलला. जुना काढून नवा बसवायला एक दुपारसुद्धा लागली नाही. बाकी सगळा वेळ गेला तो पंप मिळवण्यात आणि बसवल्यावर आतली हवा काढण्यात. या दोन्ही अडचणी तुमच्या कार्यालयांत तयार झालेल्या आहेत, म्हणून पत्र तुम्हाला.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, मग तिला पाणी कशाला, असं मला गावात अजून विचारलं जातं. तुम्हाला ते सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, गाडी घेण्याच्या विचारात असलेले लोकही वाचतील. बॅटरीतला डीसी करंट मोटारीला लागणाऱ्या एसीत बदलणारा इन्व्हर्टर तापतो. मोटार तापते. घरच्या प्लगवरून बॅटरी भरणारा आतला चार्जरही तापतो. बॅटरीला स्वतःला साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान बरं वाटतं, आणि आमच्या परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ च्या पुढं जातो. म्हणजे नुसत्या हवेवर सोडली तर बॅटरी उभ्या-उभ्या तापणार. म्हणून पुष्कळ गाड्यांत एसीच्या गॅसवर कूलंट गार करून ते बॅटरीखालच्या पट्ट्यांतून फिरवतात. ते फिरवतो १२ व्होल्टवर चालणारा मुठीएवढा पंप. तो थांबला की एसी कितीही गार असो, बॅटरीपर्यंत तो गारवा पोचत नाही. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी जाहिरातीत मोठ्या अक्षरात असते. ज्याच्या जिवावर ती बॅटरी टिकायची तो पंप मात्र त्या वॉरंटीत बसत नाही. हा हिशेब मला अजून उमगलेला नाही.

मंठ्याच्या रस्त्यावर भर दुपारी समोर पिवळा दिवा लागला, पुढचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला आणि गाडीने जोर कमी केला. सावलीत उभी केली, तासाभराने पुन्हा बरी. सकाळी गार वेळेला काहीच नाही, दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून गाडी चालू केली आणि कान लावला. एरवी बारीक गुणगुण यायची, ती नव्हती. मोबाइलला जोडायचं, गाडीचे दोष वाचणारं ओबीडीचं स्वस्त यंत्र लावलं तर इन्व्हर्टरचं तापमान चढत चाललेलं दिसलं आणि एक कोड मिळाला. प्रमाणित यादीत पी०ए९३ या कोडचा अर्थ ‘इन्व्हर्टर थंड ठेवणारी यंत्रणा नीट चालत नाही’ असा उघड छापलेला असतो. माझ्या गाडीने कंपनीचा खाजगी कोड दाखवला. त्याचा अर्थ ना गाडीच्या पुस्तिकेत, ना कुठं जाहीर.

सेवाकेंद्राला फोन केला. गाडी ट्रकवर घालून छत्रपती संभाजीनगरला आणा म्हणाले. सेलूहून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास. पंप सुटा मिळत नाही, नळ्या, ब्रॅकेट आणि व्हॉल्व्हसकट अख्खा जोड घ्यावा लागेल म्हणाले. त्या जोडाची किंमत पाच आकडी, आणि तोही मागवावा लागेल. पार्ट नंबर विचारला तर ‘तो ग्राहकाला देत नाही’ असं उत्तर आलं. सांगणाऱ्या मुलीचा यात काही दोष नाही, तिला दिलेला कागद ती वाचत होती. तो कागद कोणी लिहिला, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे.

पंप शेवटी एका भंगारात गेलेल्या अपघाती गाडीतून मिळाला, ओळखीतून. तुमच्या अधिकृत साखळीत जो भाग सुटा होत नाही, तो भंगारवाल्याकडे दोन स्क्रू सोडल्यावर सुटा झाला.

आमच्या दुकानातल्या पोराने जुना पंप खोलला आणि म्हणाला, “मामा, हे तर आपल्या पाणबुडीचं लेकरू हाय!” खरंच तसंच आहे ते. पाणबुडी मोटार आम्ही आत पाणी भरल्याशिवाय बोअरमध्ये सोडत नाही, कारण तिच्या बुशांना तेच पाणी वंगण. कोरडी फिरवली की बुश गेले. या पंपातही चुंबकाचा रोटर कूलंटमध्येच फिरतो, बाहेर येणारा शाफ्ट नाही, सील नाही, बुशला वंगण कूलंटचंच. फरक एवढाच, की पाठीमागे एक इलेक्ट्रॉनिक पट्टी आहे, ती गुंडाळ्यांना आळीपाळीने करंट देते आणि गाडीच्या संगणकाकडून वेगाचा हुकूम घेते. माझ्या पंपात ती पट्टी ओलावून गंजली होती. गुंडाळी शाबूत, बुश शाबूत. पट्टी सुटी मिळाली असती तर पंपसुद्धा बदलावा लागला नसता. ही मागणी मी आज करत नाही, पुढच्या वेळेला करीन.

या पंपाचं दुखणं नवंही नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जुन्या प्रियस हायब्रिडच्या इन्व्हर्टर-कूलंट पंपासाठी जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. हा भाग मरतो हे तुमच्या धंद्याला तेव्हापासून ठाऊक आहे. मरणारा भाग कोपऱ्यात, नळ्यांच्या जोडात कोंबून का बसवायचा?

आता सुरक्षेचं. तुमचं पहिलं उत्तर तेच असणार, आणि त्यात मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. उच्च दाबाची नारिंगी वायर म्हणजे मरण, हे मी आमच्या पोरांना गाडी दाखवण्याआधी सांगितलं. डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वरचं सगळं नियमाने उच्च दाबात मोडतं आणि गाडीतली बॅटरी तीनशे-चारशे व्होल्टची असते. आम्ही थ्री फेजवर वाढलेली माणसं आहोत, डीपीवर चढून गेलेले शेजारी आम्ही पाहिलेत, करंटची मस्करी आमच्याकडे कोणी करत नाही. पण कूलंट पंप नारिंगी बाजूला नाही. हेडलाइट ज्या १२ व्होल्टवर चालतो त्यावरच तो चालतो. माझ्या गाडीत त्याच्यापर्यंत पोचायला एकाही नारिंगी जोडाला हात लावावा लागत नाही. काही गाड्यांत लागत असेल, तर तिथं ‘मालकाने करू नये’ असं ठळक छापा, आम्ही करणार नाही. आज तुम्ही सगळ्याच पानांवर ‘करू नये’ छापता. वायपर बदलण्यापासून बॅटरी उघडण्यापर्यंत एकच इशारा असला की माणूस कुठलाच इशारा वाचत नाही.

काम कसं केलं तेही लिहितो, म्हणजे तुमच्या इंजिनियरांना तपासता येईल. चार्जिंगची केबल काढली, मोबाइल ॲपमधली वेळ लावलेली चार्जिंग आणि एसी बंद केली, कारण गाडी झोपलेली वाटत असताना स्वतःहून जागी होते. किल्ली घरात, लांब. गाडी रात्रभर गार होऊ दिली. १२ व्होल्ट बॅटरीची ऋण तार काढली आणि दहा मिनिटं हात बांधून उभा राहिलो, इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधला भार उतरायला. मग खालचं प्लास्टिक काढलं. नळ्या दाबायच्या पकडीने दोन्ही बाजू दाबल्या, स्प्रिंगच्या क्लिपा सरकवल्या, खाली परात ठेवली. कूलंट मातीत जाऊ दिलं नाही. ते इथिलीन ग्लायकॉलचं असतं, चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष. शेळी, कुत्रं, लहान लेकरू, कोणीही तोंड लावील. नवा पंप बाणाची दिशा बघून, जुन्याच रबरांवर बसवला. क्लिपा नव्या घातल्या.

पंप मेलाय हे ठरवण्याआधी फ्यूज, रिले आणि जोडातले १२ व्होल्ट मल्टिमीटरने पाहिले होते. हे मुद्दाम लिहितोय, कारण इथं खरी गोम आहे. चारचाकीच्या गॅरेजातला साधा मिस्त्री पंप काढतो, थेट बॅटरीला लावतो, फिरला नाही की मेला म्हणून टाकून देतो. हुकुमाची पिन मोकळी असताना काही पंप फिरतच नाहीत, काही पूर्ण वेगाने फिरतात. तुमचा पंप कोणत्या जातीचा, एवढी एक ओळ वायरिंगच्या नकाशाबरोबर छापली तर धडधाकट पंप कचऱ्यात जाणार नाहीत. चुकून उलट्या तारा लावून जळणारेही वाचतील.

कूलंटबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मराठवाड्यात ही गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा वेगळी आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओततात. ते इतकं जड, की घरातल्या हीटरच्या कॉइलवर दर उन्हाळ्यात पांढरा खडू जमतो. दुष्काळात तर जे पाणी मिळेल ते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा मुलखात ‘डिस्टिल्ड वॉटर वापरा’ ही ओळ लोक वाचतात आणि हसतात. ट्रॅक्टर ते सोसतो. बॅटरीखालच्या अरुंद वाटा खडू सोसत नाहीत, आणि काही गाड्यांच्या बॅटरीत मुद्दाम वीज कमी वाहून नेणारं कूलंट घातलेलं असतं, त्यात तर क्षाराचं पाणी म्हणजे मूळ हेतूच बुडाला. तरी तुमच्या पुस्तिकेत काय असतं? ‘कंपनीने मान्यता दिलेले कूलंट वापरावे.’ कुठलं, कुठं मिळतं, कुठल्या रंगात कुठलं मिसळू नये, काही नाही. तयार मिसळलेलं कूलंट लिटरच्या डब्यात प्रत्येक तालुक्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ठेवा आणि टाकीच्या झाकणावर मराठीत लिहा : ‘बोअरचे पाणी घालू नये.’ पुस्तिकेची वीस पानं जे सांगत नाहीत ते हे चार शब्द सांगतील.

आता मुख्य गोष्ट. पंप बसला, कूलंट भरलं, तार जोडली, दिवा गेला. पण आत हवा राहिली होती. नळ्या वर-खाली वळणं घेत जातात, हवा उंचावर अडकते, आणि पंपाच्या तोंडाशी हवा आली की तो नुसताच घरघरतो, पाणी ढकलत नाही. वंगणही तेच असल्याने बुश घासायला सुरुवात. जुन्या डिझेल गाडीत इंजिन चालू ठेवून, टोपण उघडं ठेवून हवा निघून जायची. इथं पंप कधी आणि किती वेगाने फिरायचा ते संगणक ठरवतो, आणि गार गाडीत तो म्हणतो, गरज नाही. हवा काढायला पंप पूर्ण वेगाने, ठरलेल्या क्रमाने, थांबत-थांबत फिरवावा लागतो. तो क्रम तुमच्या सेवाकेंद्रातल्या लॅपटॉपमध्ये आहे आणि तो लॅपटॉप मला विकत मिळत नाही.

शेवटी वाळूजकडे काम करणारा एक ओळखीचा मुलगा रविवारी त्याचं अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारं स्कॅनर घेऊन आला. त्यात ‘ॲक्टिव्ह टेस्ट’ नावाखाली पंप फिरवायची सोय निघाली. फिरवला, टाकीत बुडबुडे उसळले, पातळी खाली गेली, पुन्हा भरलं, पुन्हा फिरवला. घरघर थांबली आणि ती जुनी बारीक गुणगुण परत आली. पुढचे काही दिवस सकाळी गार गाडीत पातळी बघत राहिलो, एकदा थोडं घालावं लागलं. तो मुलगा ओळखीचा नसता तर गाडी शेवटी ट्रकवरच चढली असती. कशासाठी? एक कळ दाबण्यासाठी.

हे अशक्य आहे असं म्हणू नका. टेस्लाने आपल्या गाड्यांची सेवापुस्तिका फुकट खुली केली आहे आणि गाडीच्या पडद्यावरच्या सर्व्हिस मोडमध्ये कूलंटमधली हवा काढायचा कार्यक्रम मालकालाही चालवता येतो. त्यांच्या धोरणातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पण एवढी तरी उचला. तुमच्या गाड्यांनाही हातभर पडदा आहे. त्यावर गाणी वाजतात, दिव्यांचे रंग बदलतात. त्यातच एक पान ‘कूलंटची हवा काढा’ म्हणून घाला. गाडी उभी असेल, बॅटरीत चार्ज असेल, टाकीत पातळी असेल तरच ते चालू होऊ द्या. याने उच्च दाबाचं एकही कुलूप उघडत नाही.

कायद्याचं मी थोडक्यात सांगतो, तुमच्याकडे वकील भरपूर आहेत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच : सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण आयोगाने काय चूक मानलं ते कागदावर आहे. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि मोटारी ही त्यातली चार क्षेत्रं. पोर्टल सरकारने बांधलं, त्यात माहिती भरायची ती तुम्ही. ती पंपाच्या पार्ट नंबरापर्यंत उतरवा. युरोपीय संघात स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना ही माहिती देणं २०१८ च्या वाहन नियमावलीने बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्यापैकी जे तिथं गाड्या विकतात त्यांच्याकडे ती छापून तयार आहे. सेलूला पाठवायला टपालखर्च तेवढा.

दुसरी शंका तुम्ही काढाल : माहिती खुली केली की अर्धवट कारागीर गाड्या बिघडवतील. मी उलटं बघतो आहे. माहिती बंद असताना काय होतं ते माझ्या दुकानासमोरच दिसतं. कोणी पंपाला थेट बॅटरी लावतो, कोणी बोअरचं पाणी भरतो, कोणी दिवा विझावा म्हणून सेन्सरचा जोड ओढून काढतो आणि तापलेल्या बॅटरीवर गाडी पळवतो. माणसाला गाडी चालू करायचीच असते, कापूस मार्केटला न्यायचा असतो, लेकीला परीक्षेला सोडायचं असतं. बरोबर पद्धत समोर नसली की जी सुचेल ती करतो.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला. म्हणजे या गाड्या आमच्याच मातीत बनतील आणि जालन्यावरून आमच्या डोळ्यांदेखत जातील. त्या तालुक्यात आल्यावर दुरुस्त कोण करणार? प्रत्येक तालुक्यात शेतीपंपांचं वायंडिंग करणारी दोन-चार दुकानं आहेत. मोटार म्हणजे काय, फेज म्हणजे काय, इन्सुलेशन कसं तपासायचं हे तिथल्या पोरांना बोटांनी माहीत आहे. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा ट्रेड आला आहे. तिथल्या मुलांना आणि या दुकानदारांना कमी दाबाच्या बाजूचं, म्हणजे पंप, पंखे, सेन्सर, कूलंट, एवढ्याचंच प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या, आणि नारिंगी बाजू तुमच्या माणसांकडे ठेवा. जागा आम्ही देतो. सेलूत माझं दुकान आहे, पाठीमागे शेड आहे, थ्री फेज आहे. फेज कधी असते ते तेवढं महावितरणला विचारून या.

सगळं एकदम होणार नाही हे मला कळतं. पंप जोडातून सुटा करायला नवं डिझाइन लागेल, प्रशिक्षणाला पैसा लागेल, पुस्तिका मराठीत आणायला वेळ लागेल. हवा काढायच्या कार्यक्रमाला यातलं काहीच लागत नाही. तो तुमच्याकडे लिहिलेला आहे. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये तो पडद्यावर आणा. मे महिन्याच्या आत आणलात तर फार बरं होईल, कारण हे पंप मरायचा आमच्याकडचा हंगाम तोच आहे.

कळावे,

एक गाडीमालक आणि पंप दुरुस्ती करणारा
सेलू, जि. परभणी

ता. क. : काढलेलं जुनं कूलंट बंद कॅनमध्ये भरून, ‘विष’ लिहून ठेवलं आहे. ते स्वीकारायला जवळच्या सेवाकेंद्राने नकार दिला, बिल आमच्याकडचं नाही म्हणून. ते कुठं द्यायचं तेही उत्तरात लिहा.